घरगुती उपचार प्रयोगशाळेच्या कसोटीवर

(जबलपूर येथील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नर्मदेच्या काठी वसलेल्या जबलपूर शहरात पावसाळ्याच्या दिवसांत सर्दी, खोकला, ताप आणि अतिसार यांचे रुग्ण वाढतात. हिंदी भाषिकांचे घर असो वा येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे, अशा वेळी पहिला उपचार होतो तो स्वयंपाकघरात. हळद घातलेले दूध, आले-तुळशीचा काढा, मधात कालवलेली सुंठ, दुखऱ्या दाताखाली धरलेली लवंग, पोट बिघडल्यास ओवा किंवा बेलाचा मुरंबा, ही यादी जवळजवळ साऱ्या देशात सारखीच आहे. या पदार्थांनी रोगजंतू मरतात, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान खरे की खोटे, हा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पडावा आणि त्याचे उत्तर त्याने पडताळून पाहावे, ही अपेक्षा भारतीय संविधानानेच व्यक्त केली आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१-क (ज) नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

हा विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी या जिवाणूंचा संबंध होता, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत झालेल्या राजकीय घोषणापत्रात हे मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. भारताने २०१७ मध्ये प्रतिजैविक प्रतिरोधाविरुद्धचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला, तर २०२५ ते २०२९ या कालावधीसाठी दुसरा आराखडा जाहीर झाला आहे. राज्यांपैकी केरळने २०१८ मध्ये आणि त्यापाठोपाठ मध्य प्रदेशाने जुलै २०१९ मध्ये स्वतःचा आराखडा जाहीर केला. नवी प्रतिजैविके फार थोडी सापडत आहेत आणि जुनी निष्प्रभ होत आहेत. अशा वेळी वनस्पतींमधील जिवाणूरोधक द्रव्यांकडे जगाचे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. मात्र त्यासाठी परीक्षेची पद्धत निर्दोष असली पाहिजे.

परीक्षेची पद्धत

जिवाणू वाढविण्याचे माध्यमसुद्धा स्वयंपाकघरातूनच प्रयोगशाळेत आले, ही गोष्ट फारशी परिचित नाही. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरले जाई. पण ते उष्णतेने पातळ होत असे. फॅनी हेस या गृहिणीने जेली घट्ट करण्यासाठी वापरले जाणारे आगर हे समुद्री शेवाळापासून मिळणारे द्रव्य १८८१ च्या सुमारास सुचविले. १८८७ मध्ये ज्युलियस पेट्री यांनी झाकणाची चपटी काचेची बशी तयार केली. आगर आणि पेट्री डिश या दोन साध्या साधनांवर सूक्ष्मजीवशास्त्राची इमारत उभी आहे.

एखाद्या पदार्थाने जिवाणूंची वाढ रोखली जाते काय, हे पाहण्याची रूढ पद्धत अशी आहे. पोषक आगराच्या पृष्ठभागावर निरुपद्रवी जिवाणूंचा समान थर पसरावयाचा. त्यात ठरावीक व्यासाची छोटी विवरे पाडून, किंवा ६ मिलिमीटर व्यासाच्या गाळणकागदाच्या चकत्या ठेवून, त्यांत पदार्थाचा अर्क घालावयाचा. ३५ ते ३७ अंश सेल्सियस तापमानाला १८ ते २४ तास ठेवल्यानंतर जिवाणूंचा धुरकट थर सर्वत्र दिसतो. अर्क प्रभावी असेल तर त्याच्याभोवती वाढ न झालेले स्वच्छ वर्तुळ दिसते. त्यास प्रतिबंध क्षेत्र म्हणतात व त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. रुग्णाला कोणते प्रतिजैविक द्यावे हे ठरविण्यासाठी रुग्णालयांत याच तत्त्वावरील पद्धत वापरली जाते. विल्यम कर्बी, आल्फ्रेड बाउअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तिला प्रमाणित रूप दिले.

पद्धत सोपी दिसते. परंतु तिचे मर्म तुलनेत आहे. एका चकतीवर केवळ ऊर्ध्वपातित पाणी असावे. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर एका चकतीवर नुसते अल्कोहोल असावे, कारण अल्कोहोल स्वतःच जिवाणूनाशक आहे. एका चकतीवर ज्ञात प्रतिजैविक असावे. प्रत्येक प्रयोग किमान तीन वेळा करावा. या तुलना नसतील तर डिशमध्ये कितीही सुंदर वर्तुळ उमटले तरी त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

सुरक्षिततेचा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. घसा, जखम किंवा सांडपाणी यांतून घेतलेले जिवाणू घरात वाढवू नयेत. असे प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली व निरुपद्रवी म्हणून ज्ञात असलेल्या जिवाणूंवरच करावेत. प्रयोगानंतर सर्व डिश १२१ अंश तापमानाच्या दाबयुक्त वाफेत किमान १५ मिनिटे निर्जंतुक केल्याशिवाय टाकू नयेत.

पदार्थागणिक वेगळा न्याय

स्वयंपाकघरातील पदार्थ या कसोटीला कसे उतरतात? लसणाचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. अखंड पाकळीत जिवाणूरोधक द्रव्य जवळजवळ नसते. पाकळी ठेचली की तिच्यातील अ‍ॅलिइन हे द्रव्य अ‍ॅलिनेज या विकराच्या संपर्कात येते आणि अ‍ॅलिसिन तयार होते. चेस्टर कॅव्हॅलिटो व जॉन बेली यांनी १९४४ मध्ये अ‍ॅलिसिन वेगळे केले व त्याचा जिवाणूरोधक गुण दाखवून दिला. परंतु अ‍ॅलिसिन अस्थिर आहे व उष्णतेने विकराचे कार्य थांबते. त्यामुळे ताज्या ठेचलेल्या लसणाभोवती मोठे वर्तुळ दिसते, तर अख्ख्या उकडलेल्या लसणाभोवती ते बहुधा दिसत नाही. पदार्थ तोच, कृती बदलली की फळ बदलले.

मधाची गोष्ट निराळी आहे. मधात साखरेचे प्रमाण इतके असते की जिवाणूंना जगण्यासाठी लागणारे पाणी उपलब्ध राहत नाही. शिवाय मध आम्लधर्मी असतो आणि पातळ केल्यावर त्यातील विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. यांपैकी कोणत्या गुणाने वाढ थांबली हे समजण्यासाठी मधाइतक्याच तीव्रतेचा साखरेचा पाक शेजारच्या चकतीवर ठेवावा लागतो. लिंबाच्या रसाबाबतही तसेच. त्याचा प्रभाव मुख्यतः आम्लतेचा असल्याने तुलनेसाठी तितक्याच आम्लतेचे सायट्रिक आम्लाचे द्रावण हवे.

लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड आणि ओव्यातील थायमॉल ही तेलद्रव्ये जिवाणूंच्या पेशीपटलाला इजा करतात. प्रयोगशाळेत त्यांचा प्रभाव ठळकपणे दिसतो. मात्र ही द्रव्ये बाष्पनशील असल्याने एकाच डिशमधील शेजारच्या चकतीवरही परिणाम करू शकतात व निरीक्षण फसते. याउलट हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आगरात ते पसरत नाही, म्हणून हळदीच्या पाण्याभोवती वर्तुळ दिसले नाही तरी कर्क्युमिन निष्प्रभ आहे असे सिद्ध होत नाही. अशा द्रव्यांसाठी द्रव माध्यमात निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे करून ज्या किमान तीव्रतेला वाढ थांबते ती शोधावी लागते. तिला किमान प्रतिबंधक तीव्रता म्हणतात.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. वाढ थांबणे म्हणजे जिवाणू मरणे नव्हे. स्वच्छ वर्तुळातील आगराचा अंश नव्या माध्यमात घातल्यावर जिवाणू पुन्हा वाढले, तर त्या पदार्थाने त्यांना केवळ रोखून धरले होते. स्पर्धा परीक्षांतील प्रश्नांत जिवाणूरोधक व जिवाणूनाशक या दोन संज्ञांची अनेकदा गल्लत होते, ती टाळावी.

बेल आणि पेरू: मुंबईतील संशोधनाचा धडा

वर्तुळ दिसले नाही म्हणजे उपचार निरुपयोगी, असे मानावे काय? या प्रश्नाचे फार महत्त्वाचे उत्तर मुंबईतील ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ या संस्थेने दिले. ज्येष्ठ शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अँटिया यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत डॉ. तन्नाझ बिर्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसारावरील पारंपरिक वनस्पतींचा पद्धतशीर अभ्यास केला.

कच्च्या बेलफळाच्या वाळविलेल्या गराचा काढा त्यांनी तपासला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासलेल्या जिवाणूंच्या सहा प्रकारांपैकी एकाच्याही जीवनक्षमतेवर या काढ्याचा परिणाम झाला नाही. संशोधन येथेच थांबले असते तर बेल अनुत्तीर्ण ठरला असता. परंतु संशोधकांनी पुढचे प्रश्न विचारले. जिवाणू आतड्याच्या पेशींना चिकटतात, काही पेशींत शिरतात, काही विष निर्माण करतात आणि ते विष पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना जोडले जाते. या प्रत्येक पायरीवर काढ्याचा काय परिणाम होतो, हे त्यांनी पाहिले. काढ्यामुळे जिवाणूंचे पेशींना चिकटणे व पेशींत शिरणे लक्षणीयरीत्या घटले. पटकीच्या विषाच्या निर्मितीवर आणि ते ग्राहकांना जोडले जाण्यावरही परिणाम दिसला. जिआर्डिया हा आदिजीव व रोटा विषाणू यांच्यावर तर काढ्याचा नाशक परिणाम आढळला. मात्र ई. कोलाय जिवाणूच्या उष्णतास्थिर विषावर तो निष्प्रभ ठरला, हेही त्यांनी नोंदविले.

पेरूच्या पानांच्या काढ्याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. या काढ्याने शिगेला फ्लेक्सनेरी व पटकीचा जिवाणू यांच्याविरुद्ध प्रत्यक्ष जिवाणूरोधक गुण दाखविला, तसेच जिवाणूंचे चिकटणे व विषाचा प्रभावही कमी केला. पेरूच्या पानांतील क्वेर्सेटिन हे त्यांचे क्रियाशील द्रव्य मानले जाते. पण एकट्या क्वेर्सेटिनने, वापरलेल्या तीव्रतेला, जिवाणूरोधक गुण दाखविला नाही. काढ्याचे कार्य एकाच द्रव्यावर अवलंबून नसते, असा याचा अर्थ होतो.

अशाच स्वरूपाचा अनुभव इंग्लंडमध्येही आला. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितातील लसूण, कांद्याच्या कुळातील दुसरी वनस्पती, मद्य व बैलाचे पित्त यांचे डोळ्यांसाठीचे मिश्रण जसेच्या तसे तयार केले. ते नऊ दिवस मुरविल्यावर मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंविरुद्ध प्रभावी ठरल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. घटक सुटे वापरल्यावर तसा प्रभाव दिसला नाही.

हेच शास्त्र स्वयंपाकघरातील भांड्यांनाही लागू होते. बंगळुरू येथील संशोधकांनी अतिसार निर्माण करणारे जिवाणू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले. त्यानंतर त्या पाण्यातून एकही जिवाणू वाढवून मिळाला नाही आणि पाण्यातील तांब्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत राहिले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रभर तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवण्याच्या जुन्या प्रथेला त्यामुळे मोजमापाचा आधार मिळाला. मात्र आम्लयुक्त पदार्थ तांब्यात ठेवू नयेत, ही प्रथेतली दुसरी बाजूही विसरता कामा नये.

पेटंटचा लढा आणि परिणामकारकतेचा प्रश्न

हळदीच्या पेटंटचे प्रकरण विद्यार्थ्यांना परिचित आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला लेख असे ३२ संदर्भ सादर करण्यात आले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाची उभारणी सुरू झाली. त्यातील माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत पेटंट परीक्षकांना उपलब्ध आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हे ग्रंथालय इतर उपयोगकर्त्यांनाही खुले करण्यास मान्यता दिली.

या विजयाचा अर्थ मात्र नेमका समजून घेतला पाहिजे. हे ज्ञान नवे नाही, एवढेच त्या लढ्यात सिद्ध झाले. हळदीने जखम किती प्रमाणात व किती वेगाने भरते, हा प्रश्न त्या निर्णयापुढे नव्हताच. ज्ञान प्राचीन असणे आणि ते परिणामकारक असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिलीला ग्रंथांचा पुरावा पुरतो; दुसरीला रुग्णांवरील काटेकोर चाचण्यांचा पुरावा लागतो.

डिशपासून रुग्णापर्यंत

पेट्री डिश आणि मानवी शरीर यांत मोठे अंतर आहे. डिशमध्ये लवंगेचे शुद्ध तेल वापरले जाते. काढ्यात दोन लवंगा असतात. हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण काही टक्केच असते आणि आतड्यातून रक्तात त्याचा फार थोडा अंश जातो. जठरातील आम्ल, यकृतातील प्रक्रिया आणि रक्तातील विरलता यांमुळे डिशमधील तीव्रता संसर्गाच्या जागी पोहोचेलच असे नाही. म्हणून पेट्री डिशवरील वर्तुळ हा औषधाचा दाखला नसून पुढील संशोधनासाठीचा प्रवेशपत्र आहे. चीनच्या तू यूयू यांनी प्राचीन ग्रंथाच्या आधारे एका वनौषधीतून हिवतापावरील आर्टेमिसिनिन मिळविले. उष्णतेने गुण नष्ट होतो हे ओळखून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि प्राणी, स्वतः व रुग्ण अशा क्रमाने तो तपासला. २०१५ चे नोबेल पारितोषिक त्या परिश्रमांना मिळाले.

उलटपक्षी, जीव वाचविण्यासाठी उपचाराने जिवाणू मारलेच पाहिजेत असेही नाही. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना पाजले. या पाण्याने एकही जिवाणू मरत नाही. तरीही मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण प्रदान करण्यात आले. अतिसार झालेल्या बालकाला बेलाचा मुरंबा देण्यास हरकत नसावी. पण जलसंजीवनीला तो पर्याय होऊ शकत नाही.

दोन चुका

घरगुती उपचारांबाबत समाजात दोन परस्परविरोधी चुका होतात. पहिली चूक म्हणजे साध्या सर्दीसाठी प्रतिजैविक घेणे. सर्दी विषाणूंमुळे होते व प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. अशा वेळी गरम काढा, वाफ न घेता नुसती विश्रांती, किंवा एक वर्षावरील बालकाला चमचाभर मध, यांनी आराम मिळतो आणि अनावश्यक गोळी टळते. प्रतिजैविकांच्या गोळ्यांच्या वेष्टनावरील लाल रेषेचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या घेऊ नयेत, हाच आहे. २०१४ पासून अमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषध विक्रेत्यांवर बंधनकारक आहे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. न्यूमोनिया, विषमज्वर किंवा चिघळलेली जखम यांवर काढे व लेप यांच्या भरवशावर दिवस घालविणे जिवावर बेतू शकते. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बालकाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या बालकाचा ४० किंवा अधिक वेळा चालत असेल, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर विनाविलंब आरोग्य केंद्र गाठावे. एक वर्षाखालील अर्भकाला मध देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. ठेचलेला लसूण त्वचेवर बांधून ठेवल्यास भाजल्यासारखी इजा होते. घरातले म्हणून ते निर्धोक, हे गृहीतकही तपासून पाहण्याजोगे आहे.

जबलपूरच्या विद्यार्थ्यांना या कार्यासाठी अनुकूल परिसर लाभला आहे. आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची संस्था येथे १९८४ पासून कार्यरत आहे. राणी दुर्गावती विश्वविद्यालय, जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय याच शहरात आहेत. शेजारच्या मंडला व दिंडोरी जिल्ह्यांतील गोंड व बैगा समाजांकडे वनौषधींचे मोठे ज्ञान आहे. ते नोंदविताना ज्ञान देणाऱ्याची संमती घेणे व श्रेय त्याला देणे ही संशोधकाची जबाबदारी असून, जैविक विविधता अधिनियम, २००२ मध्ये लाभांच्या न्याय्य वाटपाची तरतूद आहे.

आजीच्या उपचाराची थट्टा करणे सोपे आहे आणि त्याचा अंध गौरव करणे त्याहून सोपे आहे. कोणता पदार्थ, कोणत्या कृतीने, किती प्रमाणात, कोणत्या जिवाणूवर आणि कशाच्या तुलनेत, हे पाच प्रश्न विचारणे अवघड आहे. ते विचारण्याची सवय ज्या विद्यार्थ्याला लागेल, तो परीक्षेतील उत्तर तर लिहीलच. शिवाय घरातील आजारी माणसासाठी काढा केव्हा पुरे आणि डॉक्टर केव्हा हवा, हा निर्णयही वेळेवर घेऊ शकेल.